साहेबाच्या ताटातली वजडी

मी खोटं बोललो. सुरुवात इथूनच करतो, कारण पुढचं सगळं त्या खोट्यातून निघालंय.

२०११ चा जानेवारी. मी पेण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. नोकरी रोह्याजवळ, धाटावच्या एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. कारखान्याने फ्रान्सची मशिनरी घेतली. ती शिकायला दोघांना तिकडं धाडलं, पुण्याचा एक इंजिनियर आणि मी. इंजिनियरने डोक्यानं शिकायचं, मी हातानं. मुदत सहा आठवडे, शहर लिऑन. लिऑनच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठाकाठाने केमिकलचे कारखाने नि तेलाची रिफायनरी. गाडीतून उतरलो, नाकात वास शिरला आणि जीवात जीव आला. च्यायला, हे तर धाटावच!

पहिला आठवडा पाव आणि चीजवर काढला. इंजिनियरने घरून मेतकूट नि थेपले आणले होते, ते तो खोलीचं दार लावून खाई. शनिवारी तिथला फोरमन म्हणाला, चला, आमच्या गावचं जेवण दाखवतो. पन्नाशीचा माणूस, हाताला ॲसिडचे डाग. त्याने एका लहानशा खानावळीत नेलं. लिऑनात अशा खानावळीला बूशों म्हणतात. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, माणसाला माणूस चिकटून बसलेला, जाड बुडाच्या बाटलीत वाईन आणि भिंतीवर खडूने लिहिलेला फळा. फळ्यावरचं एक अक्षर कळेना. मी एका ओळीवर बोट ठेवलं. ताब्लिए द सापर. फोरमनने भुवया उडवल्या, नक्की का म्हणून विचारलं. मी मान हलवली. परक्या मुलखात माणूस बहुतेक वेळा मान हलवतो.

ताटात कटलेटसारखं काही आलं. पसरट, पावाच्या चुऱ्यात तळलेलं, बाजूला अंड्याची आंबट चटणी. सुरीने कापलं. आत जाळी. मधमाशीच्या पोळ्यासारखी, सहा कोनांची, पांढरी जाळी.

मित्रांनो, ज्याने लहानपणी ओट्यावर बसून वजडी धुतलीय त्याला पुढे डिक्शनरी लागत नाही.

इंजिनियरने विचारलं, हे काय आहे? फोरमनने स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, गाईचं पोट. इंजिनियर खुर्चीसकट मागे सरकला. मग इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाला, "आमच्या भारतात हे कुणी खात नाही." फोरमनने माझ्याकडे पाहिलं. "तू पण नाही?"

मी म्हणालो, "पहिल्यांदाच खातोय."

आणि खाल्लं. पहिल्यांदा खाणारा माणूस जसा खाईल तसं, सुरीकाट्याने, बारीक तुकडे करून, बिचकत. माझ्या आजीची वजडी मी कशी ओरपायचो ते मला ठाऊक. तिथं मात्र मी नाटक केलं. कुणापुढे? शंभर कोटींच्या भारताच्या वतीने दोन शब्दांत निकाल देणाऱ्या एका माणसापुढे. त्याने मला विचारलंही नव्हतं. त्याला विचारायची गरजच कधी पडलेली नाही, आणि मला सांगायची सवय नाही. मुद्दा एवढाच.

पुढचे शनिवार मी एकटा गेलो. पगारातला भत्ता वाचवून घरी टीव्ही घ्यायचा होता, तो बूशोंत घालवला. पश्चात्ताप नाही. एकेका पदार्थाचं नाव कागदावर उतरवून घ्यायचो आणि फोरमनला अर्थ विचारायचो. ग्रा-दुब्ल म्हणजे कांद्यात परतलेली वजडी. ही तर सरळ आमचीच, फक्त तिखट नाही. बूदँ न्वार म्हणजे डुकराचं रक्त आतड्यात भरून केलेलं काळं सॉसेज, सोबत सफरचंदाच्या परतलेल्या फोडी. आपण रक्त शिजवून रक्ती करतो, ती कांद्यात मोकळी करतो. यांनी ते आतड्यात बांधलं. तेत द वो म्हणजे वासराची मुंडी. आंदुईयेत म्हणजे आतड्यातच भरलेली आतडी. ती कापली की जो वास येतो त्याबद्दल फ्रेंच लोकच थट्टा करतात, आणि थट्टा करत करत खातात. ग्रातों म्हणजे चरबीचे तळून कढवलेले तुकडे, दारूसोबत चघळायचे. हे खाताना आजीच्या तारेवर वाळत घातलेल्या चान्या आठवल्या. पदार्थ तोच नव्हे, पण दातांना ओळख पटली.

आणि वासाबद्दल सांगतो, कारण मी केमिकलवाला आहे. आजी वजडीला चुना लावायची, वर कढत पाणी ओतायची, नि चमच्याच्या धारेने काळी साल खरवडून काढायची. काळी वजडी पांढरी व्हायची. अल्कली आणि उष्णता, दुसरं काही नाही. धाटावात रिॲक्टर धुताना आम्ही हेच करतो. आजीला कुणी केमिस्ट म्हटलं नाही. घाण खाणारी म्हटलं. अरे, वजडी स्वच्छ करणं हे स्वयंपाकघरातलं सगळ्यात कष्टाचं, सगळ्यात बारीक काम आहे, आणि ते करणाऱ्या बाईला तुम्ही अस्वच्छ म्हणता!

आता ही लिऑनची वजडी टेबलक्लॉथवर आली कशी, ते बघा. लिऑन हे रेशमाचं शहर. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकर राहायचे, त्यांना कानू म्हणत. घरातच माग, पहाटेपासून काम, सकाळी नवाच्या सुमाराला भूक. चांगलं मांस शेठलोकांच्या घरी जायचं. खुरं, पोट, आतडी, रक्त, मुंडी ही विणकरांना स्वस्तात पडायची. त्यांच्या त्या सकाळच्या जेवणाला माशों म्हणतात. आजही तो प्रकार तिथे हौसेने पाळतात. हेच कानू नोव्हेंबर १८३१ मध्ये कापडाच्या दरासाठी उठले आणि त्यांनी काही दिवस अख्खं शहर ताब्यात ठेवलं. एप्रिल १८३४ मध्ये पुन्हा उठले, तेव्हा सैन्याने त्यांना चिरडलं. ताब्लिए द सापर म्हणजे पलटणीतल्या बांधकाम-शिपायाचा चामडी एप्रन. सेर्वेल द कानू नावाचा एक पदार्थ आहे. ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात, तेल, व्हिनेगर. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू. ते विकत घेऊ शकणाऱ्यांनी न घेऊ शकणाऱ्यांना दिलेली ही शिवी, असं सांगतात. शिवी फळ्यावर राहिली आणि मानाची झाली.

शिजवणाऱ्या बायकांचं तर आणखी वेगळं. लिऑनच्या खानावळी उभ्या केल्या त्या 'मेर' म्हणजे आईबायांनी. यातल्या पुष्कळ जणी श्रीमंतांच्या घरच्या मोलकरणी, स्वयंपाकिणी. त्यातली सगळ्यात मोठी युजेनी ब्राझिए. १८९५ चा जन्म. दहा वर्षांची असताना आई गेली, लोकांच्या शेतावर डुकरं राखली, लग्नाशिवाय पोर झालं म्हणून बापाने हाकललं, ती लिऑनात मोलकरीण म्हणून आली. १९२१ ला स्वतःची खानावळ टाकली. १९३३ मध्ये तिच्या दोन्ही हॉटेलांना मिशलॅं गाइडचे तीन-तीन तारे मिळाले. पॉल बोक्यूज, ज्याला सगळी दुनिया शेफांचा शेफ म्हणायची, तो तिच्या हाताखाली शिकला. मोलकरणीचं नाव दारावरच्या पाटीवर!

याच १८९५ साली, ११ सप्टेंबरला, आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे जन्मले. एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी केरळ आणि पश्चिम बंगालमध्येही गोहत्याबंदी व्हावी म्हणून उपोषण केलं. एका माणसाने न खाऊन दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं, ही युक्ती आमच्या मातीत फार जुनी. असो.

आणि आपल्याकडे शिजवणाऱ्या बाईचं काय होतं? २०१७ साली पुण्यात एका बाईने पोलिसांत तक्रार दिली, की स्वयंपाकीण ब्राह्मण सवाष्ण म्हणून आली आणि ब्राह्मण निघाली नाही. फसवणूक! स्वयंपाक बिघडला अशी तक्रार नव्हती. ती स्वयंपाकीण तर मराठा होती. मग आमच्या आयाबहिणींच्या हातच्याचं काय, हे विचारायचं कारण उरत नाही.

परत आलो तेव्हा पेण स्टेशनवर उतरून बाजारातून चालत गेलो आणि पहिल्यांदा पाट्या वाचल्या. रोज बघतो, वाचत नव्हतो. आगरी जेवण. मालवणी जेवण. कोल्हापुरी. सीकेपी पद्धतीचं. ब्राह्मणी थाळी. रोह्यापर्यंत तेच. सीकेप्यांचं वालाचं बिरडं आणि कोलंबीची खिचडी मला आवडते, तक्रार नाही. खारेपाटातल्या जिताड्याचं कालवण कुणी वाढलं तर मी नाही म्हणणार नाही. पण आमची पाटी कुठाय? प्रत्येक जातीचं जेवण हा धंदा झाला, आमचं तेवढं गुपित राहिलं. वजडी हल्ली काही खानावळीत मिळते, पण बोकडाची. बोकडाची वजडी स्पेशल डिश, मोठ्याची वजडी विटाळ. जनावर बदललं की जात बदलते, हा शोध फक्त आपल्या देशाने लावला.

रोह्यात खोली शोधत फिरलो तेव्हा कुणी विचारलं नाही की मच्छी-मटण करता का. इथे सगळेच करतात. विचारतात ते आडनाव. आडनाव कळलं की खोली काल गेलेली असते. एका मालकिणीने मोठ्या मनाने खोली दिली, अट एकच, "ते तसलं काही शिजवायचं नाही." तसलं म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही समजलं. मी तिथे दोन वर्षं राहिलो. सुकट भाजली, जवळा केला, बोंबील तळले, सगळी आळी वासाने दरवळली, कुणाची हरकत नाही. तसलं शिजवलं नाही. लिऑनमधलं खोटं आकाशातून पडलेलं नव्हतं, त्याची तालीम रोह्यात झाली होती.

आता आपलीच पोरं काय म्हणतात ते. मी ही गोष्ट रोह्यात पोरांच्या बैठकीत सांगितली. एक जण ताडकन उठला. "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते तू परत घरात आणतोस?" प्रश्न खरा आहे, टाळता येत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा, १९८१ ला रायगड झाला. बाबासाहेबांनी तिथे सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका, उष्टे तुकडे मागू नका. आमच्या वाडीने ते ऐकलं. माझ्या पणज्याने पाटलाचं मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं आणि त्यापायी गावाचा मार खाल्ला, हे आजी सांगायची. त्या शब्दाला मी धक्का लावत नाही. मेलेलं ढोर हे जेवण नव्हतं, ती शिक्षा होती. पण बाजारात रोख पैसे मोजून आणलेली वजडी ही शिक्षा नाही. लाचारी सोडायची होती, चव नव्हे. लाचारी गेली तिथपर्यंत ठीक. तिच्यामागोमाग आम्ही चवीलाही दाराबाहेर काढलं, आणि वर त्याला सुधारणा म्हणालो.

आणि त्याच परिषदेतलं दुसरं विसरू नका. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं मंडपात जेवायला बसली होती. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून जमाव मंडपात शिरला, माणसांना मारलं आणि अन्न मातीत मिसळलं. ते साधं अन्न होतं. त्यात वजडी नव्हती, रक्ती नव्हती. तरी तुडवलं. तेव्हा ज्यांना वाटतं की आम्ही वरणभात खाल्ला की जवळ घेतील, त्यांनी तो मंडप डोळ्यांपुढे आणावा.

दुसरा पोरगा म्हणाला, कायद्याचं काय? कायदा असा. गाय १९७६ च्या कायद्यापासून बंद. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही बंद झाले. मे २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस नि रेडा या बंदीत नाहीत. म्हणजे चुलीवरच्या भांड्यात काय आहे हे विचारायला येणाऱ्याला उत्तर देण्यापुरती जागा आहे. पण विचारायला येणारे कोर्टाचा निकाल वाचून येत नाहीत, हेही मला कळतं. घाबरू नका असं शहाणपण मी शिकवणार नाही. मी स्वतः घाबरतो.

तरी लिऑनचं गुणगान करताना माझं डोकं ठिकाणावर होतं. एकदा मी फोरमनला विचारलं, इथे बसलेले यातले विणकर किती? तो हसला. विणकर संपले. क्रुआ-रूस टेकडीवर आता महागडी घरं आहेत. उंच छताची, छत उंच कारण माग उंच होते. गरिबाचं जेवण गरीब गेल्यावर टेबलक्लॉथवर आलं. मी गेलो त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, युनेस्कोने फ्रेंचांच्या मेजवानीला जगाच्या वारशाच्या यादीत घातलं होतं. त्या खानावळीत बाजूच्या टेबलावर जपानी टुरिस्ट आंदुईयेतचा फोटो काढत होते. फोरमन स्वतः म्हणाला, मी महिन्यातून एकदाच येऊ शकतो, परवडत नाही. ज्याच्या आजोबाचं जेवण, त्याला ते पगाराच्या दिवशीच.

हे आपल्याकडेही सुरू झालंय, आणि ते बघायला लांब जायला नको. पोपटी घ्या. भात कापून झाला की शेताच्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की थंडीत पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये रताळी, बटाटे, अंडी, ऐपत असली तर कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने दाबून बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब टाकी नसता आत. शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र होऊन उडून गेलं की झाली. भांबुर्डी ही बांधावरची रानवनस्पती, कुणी लावत नाही, कुणी विकत नव्हतं. आमच्या वाडीत पोपटी म्हणजे रात्रभर जागरण, गाणी आणि कुणाच्या वावरातल्या शेंगा उचलल्या यावरून सकाळी भांडण. आज अलिबागकडच्या रिसॉर्टात 'पोपटी नाईट' असते. मुंबईचे लोक गाड्यांतून येतात. मडकं लावायला गडी ठेवलेला असतो. तो गडी आमच्याच वाडीतला. त्याला रात्रीचे पैसे मिळतात, पोपटी मिळत नाही, उरली तर मिळते. १९२७ ला जे तुकडे सोडले ते असे दुसऱ्या दाराने आले.

म्हणून मला टेबलक्लॉथ नकोय. इंजिनियरने एक दिवस वजडीला 'डेलिकसी' म्हणावं आणि आम्ही धन्य व्हावं, हे तर नकोच नको. मला फळा पाहिजे. आमच्या अक्षरातला, आमच्या बाईच्या नावाचा. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट जगापुढे ठेवलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. ते वाचताना मी दोन-तीन ठिकाणी पुस्तक मिटून बाहेर जाऊन आलो. कोकणातल्या बौद्धवाडीचं असं पुस्तक अजून माझ्या हाती लागलेलं नाही. आमच्या ताटात मासळी जास्त, तेल कमी, चिंच-कोकमाचा आधार. ते वेगळं आहे आणि ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जातायत. माझी आजी २०१४ ला गेली. तिच्या वजडीचं प्रमाण मला माहीत नाही. ताब्लिए द सापरचं माहीत आहे. आधी उकळायची, मग व्हाईट वाईनमध्ये मुरवायची, मग पावाचा चुरा. हे लिहिताना शरम वाटते.

आयला मात्र अजून येतं. मागच्या महिन्यात वही घेऊन तिच्यापुढे बसलो आणि लिऑनची सगळी हकिकत पहिल्यांदा सांगितली, खोट्यासकट. खोट्यावर ती काही बोलली नाही. तिने विचारलं, "तिकडं चुना लावतात का?" मी म्हणालो, ठाऊक नाय, विचारलं नाय. "मग एवढा खर्च करून गेलास कशाला?"

नंतर मी तिला म्हणालो, पुढच्या २० मार्चला महाडला पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे बाजूला आपण एक चूल मांडू. म्हशीची वजडी, तांदळाची भाकरी. फळ्यावर तुझं नाव लिहू. ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, नाव नको लिहू, तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय. वजडी करून देते.

बैठकीत यावर अजून भांडण चालू आहे. निम्मी पोरं म्हणतात नाव आलंच पाहिजे. मीही तेच म्हणत होतो, त्या दिवसापर्यंत.